मागचं मागच्यानं बघावं

कोल्हापूर-सांगलीकडचा ट्रॅक्टर पुढून बघावा. मागून बघू नये. रात्री तर तो मागून दिसतच नाही, त्यामुळे तो प्रश्नही परस्पर मिटतो. पुढून मात्र काय थाट असतो! बंपरवर एलईडीच्या दोन आडव्या पट्ट्या, हुडावर चार चौकोनी फोकस, बॉनेटच्या कडेनं निळी माळ, जाळीत मावेल तेवढी हिरवी, आणि या सगळ्यांच्या मधोमध देवाचा फोटो, त्याच्यामागं फिरतं चक्र. असा ट्रॅक्टर समोरून आला की मोटारसायकलवाला साइडपट्टीवर उतरतो, एक पाय टेकतो, डोळे मिटतो आणि मान खाली घालून उभा राहतो. यात भक्तिभाव बिलकूल नसतो, पण लांबून बघणाऱ्याला तसं वाटतं.

ट्रॅक्टर गेल्याचं त्याला आवाजावरून कळतं. गाणं पुढं सरकतं. मग तो डोळे उघडतो, गाडी गिअरमध्ये टाकतो आणि रस्त्यावर चढवायला जातो. तेव्हा त्याला कुणीतरी ओरडून सांगावं लागतं की थांब बाबा, ट्रॅक्टर गेला, पण त्याच्या ट्रॉल्या अजून जायच्या आहेत! कारण त्या लखलखाटाच्या मागं उसानं भरलेली एक ट्रॉली असते, तिच्यामागं तशीच दुसरी, आणि दोन्हींना मिळून काजवा पुरवील इतकाही उजेड नसतो.

याचं कारण गरिबी नाही आणि अडाणीपण तर मुळीच नाही. पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो. माळा आणि चक्रं आपण दिसावं म्हणून असतात. टेललाईट ही गाडीतली एकच वस्तू अशी आहे, की मालकाला तिचा जन्मात एकदाही उपयोग होत नाही. ती पेटली तरी त्याला दिसत नाही, विझली तरी दिसत नाही. ती सगळीच्या सगळी मागच्या अनोळखी माणसासाठी असते, आणि मागचा अनोळखी माणूस ट्रॅक्टरचा हप्ता भरत नाही.

बरं, ट्रॉलीला उजेडाचं वावडं असतं म्हणावं, तर तसंही नाही. हीच ट्रॉली अनंत चतुर्दशीला बघा. तिच्यावर ध्वनीच्या भिंती, भिंतींवर शार्पी दिवे, शार्पीच्या वर आणखी काहीतरी गरगर फिरणारं, आणि मागच्या ट्रॉलीत हे सगळं पेटवायला जनरेटर. तिचा झोत ढगांना लागतो. लोकांच्या डोळ्यांना इजा नको म्हणून लेसरवर बंदी घालायची वेळ येते. मिरवणूक चालते माणसाच्या चालीनं, म्हणजे मागून येऊन कुणी धडकायची शक्यता जवळजवळ शून्य, आणि तरीही त्या रात्री ती ट्रॉली शेजारच्या तालुक्यातून दिसते. मग दसरा होतो, दिवाळी होते, कारखान्याचा बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते. ट्रॉलीवरचा जनरेटर उतरतो, ऊस चढतो, आणि तीच ट्रॉली काळ्याकुट्ट डांबरी रस्त्यावर रात्री अडीच वाजता एकटी, निःशब्द, निर्दीप उभी असते. निःशब्द म्हणजे मागून. पुढं गाणं चालूच असतं.

कायद्याला या सगळ्याची कल्पना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे आहेत आणि त्यातला 105 क्रमांकाचा नियम दिव्यांचा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं दिवे लागलेच पाहिजेत आणि सूर्योदयाला अर्धा तास उरेपर्यंत ते चालू राहिले पाहिजेत. मागचा दिवा लाल हवा, आणि तो 155 मीटरवरून दिसायला हवा. शिवाय मागच्या नंबरप्लेटवर पांढरा उजेड हवा, इतका की 15 मीटरवरून नंबर वाचता यावा.

दीडशे नाही, एकशे पंचावन्न. वरचे पाच मीटर घासाघीस होणार हे गृहीत धरूनच ठेवलेले असावेत, असा माझा समज आहे. पण गणित करून बघितलं तर आकडा अगदीच हवेतला नाही. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल 155 मीटर जायला नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्या वेळात माणूस तोंडातली तंबाखू थुंकून, ब्रेक दाबून, ट्रॅक्टरवाल्याला एक सबंध शिवीसुद्धा देऊ शकतो. मागं दिवाच नसेल आणि आपल्या हेडलाईटात चाळीसेक मीटरच दिसत असेल, तर हातात जेमतेम अडीच सेकंद राहतात. त्यात फक्त शिवी बसते, तीही अर्धी. आणि भरलेली ट्रॉली चढाला लागली की ती इतकी सावकाश जाते, की मागच्याच्या दृष्टीनं ती उभीच असते.

15 मीटरवरून नंबर वाचायची गोष्ट तर सोडूनच द्या. आधी नंबरप्लेट हवी. ती असतेच, पण उसाच्या वाड्यांच्या आत, पाचटाच्या पडद्यामागं, जुन्या घरातल्या सुनेसारखी.

हंगामाच्या तोंडावर आमच्या गावच्या तिकटीवर बॅटरीवाल्या मिस्त्रीच्या दुकानात बसायला मला फार आवडतं. चहा येतो, पेपर असतो, आणि समोर तालुक्यातलं सगळं वायरिंग उघडं पडलेलं असतं. एकदा माझा पुतण्या तिथं ट्रॅक्टर घेऊन आला. हंगामाचा करार झालेला, उचल हातात आलेली, तेव्हा तोंडावर उजेड होताच. तोच त्याला बॉनेटवर हवा होता.

"मिस्त्री, पुढं दोन बार वाढवा. आणि रिव्हर्सचं म्युझिक बदलून टाका, लई जुनं झालंय."

"बरं. आणि मागं?"

"मागं काय?"

"टेललाईट, मर्दा."

"मागं कोण बघतंय?"

मिस्त्री सोल्डरिंगचा धूर बाजूला फुंकत म्हणाला, "कोण बघंना म्हणूनच लावायची असती."

पुतण्या माझ्याकडं बघायला लागला. मी पेपरात तोंड घातलं. घरातला माणूस अशा वेळी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही. शेवटी तो उदार झाला.

"बरं, लावा. पण एकाच ट्रॉलीला. पुढच्या."

"पुढच्या ट्रॉलीच्या मागं काय असतंय?"

"मागची ट्रॉली."

"मग तिला उजेड दावून काय करतोस? ती काय वाट चुकणार हाय?"

यावर उत्तर नव्हतं. दोन्ही ट्रॉल्यांना दिवे लावायचे ठरले. किंमत विचारली, तर दोन्हीकडचे मिळून जे पैसे होत होते ते पुढच्या एका बारच्या पैशांपेक्षा कमी होते. पुतण्याला हे ऐकून वाईटच वाटलं. इतक्या स्वस्त वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा?

वॅटच्या हिशोबानं तर टेललाईट म्हणजे अगदीच नगण्य प्रकरण. मागच्या दिव्यात जो जुना दोन तारांचा बल्ब असतो त्यातली टेलची तार पाच वॅटची आणि ब्रेकची एकवीस वॅटची. म्हणजे डावा-उजवा मिळून दहा वॅटमध्ये एका ट्रॉलीच्या मागं रात्रभर लाल उजेड राहतो. एलईडीचा दिवा बसवला तर त्याहून कमी. ट्रॅक्टरवरच्या गाण्याला किती वॅट लागतात ते मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "खोक्यावर लिवलेलं सांगू का खरं सांगू?"

मिस्त्रीनं मग ट्रॅक्टरचं मागचं सॉकेट उघडलं. ट्रॉलीची वीज घ्यायला मागं सात पिनांचं एक गोल, झाकणाचं सॉकेट असतं. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, डावी टेल, उजवी टेल, ब्रेक आणि अर्थिंग अशा सहा पिना होतात. सातवी कशासाठी, यावर आमच्या गावात एकमत नाही. हे झाकण ट्रॅक्टर शोरूममधून आला त्या दिवसानंतर कुणी उघडलं नव्हतं. आत कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलेलं होतं, छान लिंपून, सातही पिना धरून. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ते हळूहळू कोरून काढलं, फुंकर मारली, आतून एक वाळकी अळी पडली. "भाडेकरू निघाला," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

खरं नाटक पुढं झालं. वायर ओढून झाल्या, दिवे बसले, पुतण्या सीटवर चढला, मी आणि मिस्त्री मागं उभे राहिलो. टेल लावली, मंद पेटली. ब्रेक दाबला, तर ब्रेकच्या जोडीला डावा इंडिकेटरही मिणमिणला. इंडिकेटर लावला, तर सगळेच दिवे एका तालात उघडझाप करायला लागले. मागच्या माणसाला कळायचंच नाही की हा थांबतोय, वळतोय की वरातीला निघालाय! पुतण्या मात्र वळून बघून खूश झाला होता.

"असंच ऱ्हाऊ द्या की, झकास दिसतंय."

"अर्थिंग न्हाई तुझ्या ट्रॉलीला," मिस्त्री म्हणाला.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबतो. बारा व्होल्टच्या गाडीत दिव्याकडं जायला वायर लागते, पण परतीची वाट सहसा गाडीच्या लोखंडातूनच असते. ट्रॉलीचं लोखंड ट्रॅक्टरच्या लोखंडाला भेटतं कुठं? हुकाच्या पिनेत. ती पीन गंजलेली, ग्रीसमध्ये बरबटलेली आणि प्रत्येक खड्ड्याला उडी मारणारी. वीज दिव्यापर्यंत व्यवस्थित येते, पण परत जायला वाट सापडत नाही. मग ती मिळेल त्या दुसऱ्या दिव्यातून घुसून परत जाते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. ट्रॉलीच्या वायरिंगच्या तक्रारी घेऊन लोक बल्ब बदलतात, फ्लॅशर बदलतात, मिस्त्री बदलतात, आणि दोष बहुतेक वेळा या पिनेत असतो.

आमच्या ट्रॉलीची आणखी एक गंमत होती. पुतण्यानं ती दसऱ्याला ऑइलपेंटनं नवीकोरी रंगवून घेतली होती. पेंटर कामाला प्रामाणिक. त्यानं फळ्या रंगवल्या, चॅसी रंगवली, नटबोल्ट रंगवले, अर्थिंगचा जुना बोल्ट रंगवला, आणि मागचे दोन लाल रिफ्लेक्टरही सोडले नाहीत. ते त्यानं निळे केले. वर मागच्या फाळक्यावर ठसठशीत अक्षरांत घराण्याचं नाव, गावाचं नाव, आईचा आशीर्वाद आणि जळणाऱ्यांना उद्देशून दोन ओळी लिहिल्या. 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं नाही, कारण महाराष्ट्रात त्यावर 2015 साली बंदी आली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कायद्याचं पालन झालं ते एवढंच.

मिस्त्रीनं कानस घेतली आणि त्या नव्या रंगावर घासायला सुरुवात केली. पुतण्या सीटवरून उडी मारून आला.

"अहो, अहो! आत्ताच रंगवलीया!"

"रंगातनं करंट जात न्हाई."

"मग दुसरीकडं घासा की, दिसणार न्हाई तिथं."

"दिवा दिसंना ते चालतंय, आणि घासलेलं दिसाय नको व्हय?" असं म्हणून मिस्त्रीनं रुपयाएवढी जागा लखलखीत पांढरी केली, बोल्ट आवळला, आणि तिथून थेट सॉकेटपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढली. हुकावर विसंबलाच नाही. एका मिनिटात सगळे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. ब्रेक म्हणजे ब्रेक, डावा म्हणजे डावा. पुतण्याचा चेहरा पडला. मघाचं झकास होतं.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली वायर किती सोडायची, हेही एक कसबच आहे. ताणून बांधली तर पहिल्या वळणाला तुटते. सैल सोडली तर रस्त्यावर घासते आणि एखाद्या दिवशी चाकाखाली जाते. मिस्त्रीनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून वायर मधोमध टांगली. वळताना ट्यूब ताणली जायची, सरळ झाली की वायर आपोआप वर उचलली जायची. यंत्रयुगात इतकी वर्षं काढून मी एवढं सुंदर आणि फुकटातलं यंत्र फार कमी पाहिलं आहे.

तर अशा रीतीनं दोन्ही ट्रॉल्यांना दिवे लागले. पहिल्याच खेपेला तोडणीच्या टोळीनं ऊस भरला. उसाची मोळी ट्रॉलीच्या फळीबरोबर थांबत नाही. ती मागं हातभर बाहेर येते, वाडी खाली लोंबतात, पाचट त्याहून खाली. दिवे पेटलेले होते, अगदी झकास पेटलेले होते, पण ते फक्त उसाला दिसत होते. पुतण्या रात्री कारखान्यावरून फोन करून म्हणाला, "काका, दिवं चालू हायती बरं का." मी म्हटलं, "दिसतात का?" तो म्हणाला, "वाडी बाजूला केली की दिसतात."

साखर कारखान्यांना हे माहीत आहे. म्हणून दर हंगामात कापडी रिफ्लेक्टर वाटले जातात. जाड कापडावर लाल-पिवळ्या चमकत्या पट्ट्या, वर दोऱ्या. ट्रॉली भरून झाली की हे कापड उसाच्या वरून, शेवटी, बाहेरून बांधायचं. कल्पना उत्तम आहे, कारण दिवा उसाच्या आत आणि कापड उसाच्या बाहेर. अडचण अशी, की गव्हाणीत ऊस खाली करताना ते सोडावं लागतं, आणि सोडलेलं कापड पुन्हा बांधायचं लक्षात राहायला माणसाची थोडी झोप झालेली असावी लागते. ती झालेली नसते. दोन-तीन खेपांनी ते कापड सीटवर येतं. सीट गार लागत नाही.

रिफ्लेक्टर वाटपाचा कार्यक्रम मात्र मी चुकवत नाही. कारखान्याच्या गाडीतळावर मांडव, सत्कार, नारळ, रस्ता सुरक्षेवर भाषण. मग एक रिफ्लेक्टर, एक ट्रॉली आणि त्या एका रिफ्लेक्टरला हात लावून उभी असलेली सात-आठ माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो येतो. त्यात रिफ्लेक्टर दिसत नाही, हातच दिसतात.

आमच्याकडं या चमकत्या पट्टीला सरसकट रेडियम म्हणतात आणि ती लावणारा तो रेडियमवाला. रेडियमवर माझा दिव्याहून जास्त जीव आहे. त्याला वायर नको, बॅटरी नको, अर्थिंग नको, उंदीर कुरतडत नाहीत. पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा कोन कापलेल्या बारीक खाचा असतात. प्रकाश ज्या दिशेनं आला त्याच दिशेला त्या परत पाठवतात. म्हणजे तुमच्याच हेडलाईटचा उजेड तुमच्याच डोळ्यांत. स्वतःचं काही खर्चायचं नाही आणि दिलेलं तेवढं परत करायचं. पण एक मेख आहे: मागच्याचा हेडलाईट चालू पाहिजे. आमच्या भागात बिनदिव्याच्या ट्रॉलीमागून बिनदिव्याची मोटारसायकल जाते, तेव्हा दोघांच्या मध्ये रेडियम बिचारं काय करणार? आणखी एक, ते पुसावं लागतं. हंगामातली धूळ, चिखल आणि मळीचे शिंतोडे बसले की त्याच्यात आणि फळीत फरक उरत नाही. ट्रॅक्टरची बॉनेट रोज सकाळी फडक्यानं पुसणारा माणूस मागच्या रेडियमवरून एक हात फिरवील, तर सात-आठ जणांनी धरून लावल्याचं काही सार्थक होईल.

काही हुशार मंडळी ट्रॉलीच्या मागं जुन्या सीडी टांगतात. घरात लग्नाच्या सीडी पडून असतात. आता त्या कशावर चालत नाहीत, टाकवतही नाहीत. मग त्या ट्रॉलीला. सीडी चमकते खरी, पण ती आरशासारखी. उजेड बरोबर समोरून पडला तर परत येतो, थोडी तिरकी झाली की तो उजेड शेजारच्या बाभळीवर. वाऱ्यावर ती गिरकी घेत असते, त्यामुळे मागच्याला अधूनमधून क्षणभर काहीतरी चमकल्याचा भास होतो. तो भूत समजून वेग वाढवतो.

याच्या अगदी उलट टोकाचा इसम म्हणजे मागचा फोकस. शेतात रात्री रोटर मारायचा, नांगरट करायची, पेरणीयंत्र ओढायचं, तर मागं पांढरा झगझगीत दिवा लागतोच. ट्रॅक्टर दिवसभर दुसऱ्याच्या वावरात भाड्यानं असतो, त्यामुळे स्वतःच्या रानाची पाळी रात्री येते. कृषीपंपाची वीजही आठवडाभर दिवसाची आणि आठवडाभर रात्रीची अशी पाळीनं येत आलेली, तेव्हा रात्री शेतात असणं शेतकऱ्याला नवीन नाही. रोटरचं पातं कुठं घासतंय, मातीत दगड आला का, सरी सरळ जातेय का, हे मान वळवून सारखं बघावं लागतं. त्या दिव्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट यंत्र ओढणाऱ्या माणसानं मागं स्वतःहून लावलेला हा एकच दिवा, कारण तो त्याच्या स्वतःच्या कामाचा! तक्रार ही, की रान संपतं, ट्रॅक्टर डांबरीवर येतो आणि तो दिवा विझवायचं राहून जातं. मग मागून येणाऱ्याला दोन झगझगीत पांढरे डोळे दिसतात आणि समोरून वाहन येतंय असं समजून तो डावीकडं दबतो. डावीकडं चर असते. मागं लाल सोडून दुसरा उजेड दाखवू नये, असं नियम 108 सांगतो. लाल दिवा नसला तर ट्रॉली दिसत नाही, आणि पांढरा असला तर ती उलटी येताना दिसते. यातलं बरं कोणतं, हे चरीत पडलेल्यानं ठरवावं.

पूर्वी हे बरं होतं, असं म्हणायची माझ्या वयाला सवय असते. बैलगाडीच्या कण्याखाली कंदील टांगलेला असायचा, तो हलायचा आणि त्याचा उजेड चाकांच्या आऱ्यांतून रस्त्यावर फिरायचा. पण तो कंदीलही गाडीवान विझवायचाच, कारण रॉकेल. उसाच्या बैलगाड्या आमच्याकडं अजून आहेत. पहाटे त्या एकामागं एक जातात. पुढून बघितलं तर बैलांचे डोळे हेडलाईटात हिरवट चमकतात. बैलाच्या डोळ्यात पाठीमागं चकाकणारा पडदा असतो, तो आलेला उजेड परत टाकतो. म्हणजे निसर्गानं बैलाला रिफ्लेक्टर दिले, पण तेही पुढंच. मागं शेपूट दिली.

आणि मग पंक्चर. भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात बसली की ती हलवता येत नाही. वर टनावारी ऊस. तेव्हा मात्र ट्रॅक्टरवाल्याला एकाएकी मागच्या माणसाची फार काळजी वाटू लागते. तो बाभळीची फांदी तोडून ट्रॉलीच्या मागं टाकतो. मग शेताच्या बांधावरचे चांगले नारळाएवढे दगड आणतो आणि दहा-पंधरा पावलांवर ओळीनं मांडतो. फांदीला उजेड नसतो, दगडाला नसतो, पण भावना असते. सकाळी चाक निघतं, पंक्चरवाला जातो, ट्रॉली कारखान्याला जाते. फांदी शेळ्या खातात. दगड राहतात. पुढचे चार-आठ दिवस मोकळ्या रस्त्यावर ते दगड कशाला तरी सावध करत असतात.

हंगाम आता तोंडावर आला आहे. ज्यांचे ट्रॅक्टर कारखान्याला लागणार आहेत, त्यांना एवढीच विनंती: पुढचा एक बार कमी करा आणि त्या पैशात मागच्या, म्हणजे शेवटच्या, ट्रॉलीला दोन लाल दिवे लावा. ते खाली चॅसीला लावू नका. फळीच्या वरच्या कडेला बाहेर काढलेल्या अँगलवर लावा, वाडी आडवी येणार नाहीत अशा बेतानं. अर्थिंगची वायर वेगळी ओढा, हुकाच्या पिनेवर भरवसा ठेवू नका. कापडी रिफ्लेक्टर सीटवर अंथरू नका. आणि पंक्चर काढून झालं की, हात जोडून सांगतो, ते दगड तेवढे उचलून परत बांधावर टाका.